तीन नंबरच्या डिशचं वजन

सुरुवात तक्रारीनेच करतो. या सदरात तुमचे सगळ्यांचे अनुभव मी गेले कित्येक महिने वाचतोय. कुणाला पैंजण ऐकू येतात, कुणाच्या मागून पांढऱ्या साडीतली बाई चालते... आणि खाली दहा जण "अंगावर काटा आला" लिहून मोकळे. माझ्या अंगावर कधी काटा आला नाही. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या मुसलमान घरात वाढलो, जिन्नांच्या गोष्टी लहानपणापासून ऐकल्या आणि एकीवरही विश्वास ठेवला नाही. पुढे मुंबईला केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालो. जे तराजूत घालता येत नाही ते नाही, अशी माझी साधी सरळ समजूत होती.

आता जे सांगणार आहे ते तराजूतच घडलं. त्यामुळे मला धड नाकारताही येत नाही. मुलगा इथे दुबईत इंजिनियर आहे, त्याला सांगितलं तर मोबाइलमधून मान वर न काढता म्हणतो, "स्टॅटिक असणार, डॅड. सिम्पल." अरे बाबा, सिम्पल असतं तर साठ वर्षं मी हे उरावर घेऊन बसलो असतो का?

तर साठच्या दशकाची मधली वर्षं. यूएई हे नावही तेव्हा नव्हतं. मुंबईहून बोटीने यायचं, दुबईच्या खाडीत उतरायचं आणि मिळेल त्या गाडीत बसायचं. ऊद मेथाला आज जिथे इंडियन शाळा आहेत तिथून जरा पुढे तेव्हा नुसती वाळू होती. त्या वाळूत एका बांधकाम कंपनीची लॅब होती — लाकूड आणि पत्र्याच्या तीन खोल्या. कंपनीचं नाव देत नाही, विचारू नका. काम काय, तर सिमेंट, वाळू आणि पाणी तपासायचं. तीनपैकी सगळ्यात लहान खोलीत बॅलन्स होता, म्हणजे काचेच्या पेटीतला दोन पारड्यांचा नाजूक तराजू. तो टेबलावर नव्हता. जमिनीत खोल घेतलेल्या विटांच्या खांबावर होता, म्हणजे कुणी दाणदाण चालत गेलं तरी पारडं हलायला नको. सगळ्या लॅबमध्ये एसी फक्त त्याच खोलीला, आणि वजन करायच्या वेळी नेमका तोच बंद करायचा, कारण वारा चालत नाही! कपाळाला फडकं बांधून आम्ही वजनं करायचो, घामाचा थेंब पडला तर सगळं मुसळ केरात.

आमचा चीफ इंग्रज होता. आम्ही आपसात त्याला 'फोर्थ डेसिमल' म्हणायचो. ग्रॅमचा चौथा दशांश चुकला की हा माणूस आकाश डोक्यावर घ्यायचा.

लॅबमध्ये आम्ही दोघे मराठी. मी आणि मुरलीधर शेट्ये. शेट्ये माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, राजापूरकडचा. मला ही नोकरी त्यानेच लावली. मुंबईच्या ऑफिसात चिठ्ठी पाठवली, "पोरगा हुशार आहे, हात हलका आहे." हात हलका म्हणजे बॅलन्सवर काम करण्यालायक. आम्ही एका खोलीत राहायचो. सोमवारी त्याचा उपास, त्या दिवशी मीही मासे शिजवायचो नाही. तो काही बोलला नव्हता, पण मला बरं दिसायचं नाही.

भांडण लागलं ते विहिरीवरून. मजुरांचा कॅम्प लॅबपासून मैलभर लांब. तिथे शे-दीडशे माणसं, त्यात आमच्या रत्नागिरी-रायगडकडची बरीच. त्यांना टँकरने पाणी यायचं. चीफने स्वतः जागा दाखवून कॅम्पजवळ विहीर खणून घेतली आणि टँकर बंद केला. त्या विहिरीच्या पाण्याची तपासणी शेट्येने केली. पद्धत अगदी साधी आहे. रिकामी डिश, म्हणजे चिनीमातीची पसरट वाटी, तापवायची, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या झाकणबंद काचेच्या भांड्यात) थंड करायची, वजन करायचं. लागोपाठ दोन वजनं जुळली की ते डिशचं खरं वजन. ते एका कार्डावर लिहून ठेवायचं. मग डिशमध्ये पाणी मोजून घालायचं, आटवायचं, आणि तळाला जो क्षार उरतो त्यासकट पुन्हा वजन. वजाबाकी केली की पाण्यात काय विरघळलंय ते कळलं.

तीन नंबरची डिश, कार्डावर ३१.४०८२. आटवल्यावर ३१.६२२८. फरक ०.२१४६. एवढ्याशा पाण्यात एवढा क्षार! ते पाणी म्हणजे जवळजवळ जुलाबाचं औषधच. शेट्येने चारदा केलं, चारदा तेच. त्याने वहीत लिहिलं, "पिण्यास अयोग्य."

चीफने वही बघितली. मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर नवीकोरी वही.

"त्या वहीवर शाई सांडलीय. फेअर कॉपी कर," तो म्हणाला.

शाई सांडलेली नव्हती. आणि त्याने जो कागद मला उतरवायला दिला त्यावर ०.२१४६ च्या जागी ०.०७४६ होतं, मर्यादेत बरोब्बर बसणारं. चौथ्या दशांशासाठी जीव खाणाऱ्या माणसाने सरळ पहिल्या दशांशातच खोटं लिहावं! आमच्याकडे नियम होता: वहीच्या प्रत्येक पानावर काम करणाऱ्याखेरीज दुसऱ्या माणसाची सही लागायची, 'चेक्ड बाय' म्हणून. दुसऱ्याने ती सही वजन स्वतः बघूनच करायची. मी काही बघितलं नव्हतं. नवी नोकरी, घरी पाच तोंडं खाणारी, आणि समोर गोरा साहेब पेन पुढे करून उभा... मी सही केली. माझी सही, माझ्या हाताने, माझ्या शाईने.

शेट्येला कळल्यावर त्याने केबिनमध्ये जाऊन आवाज चढवला. तिसऱ्या दिवशी त्याला मुंबईच्या बोटीत बसवलं. लंडनला कंपनीचे सल्लागार म्हणून एक डॉक्टर होते (औषधाचे नव्हेत, केमिस्ट्रीचे), त्यांना दर पंधरवड्याला आमचे आकडे एअरमेलने जायचे. टायपिंग मला येत असल्याने ती पत्रं मीच टाइप करायचो. त्या पंधरवड्याच्या पत्रात चीफने सांगितलं आणि मी टाइप केलं, "आधीचा ऑपरेटर निष्काळजी होता, त्याला काढून टाकलं आहे." निष्काळजी! जो माणूस हातरुमालालाही इस्त्री करायचा तो. बोटीवर सोडायला गेलो तर तो माझ्याशी एकच वाक्य बोलला, "इब्राहिम, डेसिकेटरच्या झाकणाला ग्रीस लावत जा, हवा शिरते." बस्स. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, सकाळचे दहा वाजले असतील, मी तीन नंबरची डिश सिमेंटच्या कामासाठी काढली. ॲसिडने धुतलेली, तापवलेली, थंड केलेली, स्वच्छ, रिकामी. वजन केलं.

३१.६२२८.

मला वाटलं मी वजनं मोजण्यात चुकलो. पुन्हा केलं. ३१.६२२८. डिश पुन्हा धुतली, तापवली, थंड केली. ३१.६२२८. एक आणि दोन नंबरच्या डिश त्याच वजनांनी, त्याच बॅलन्सवर केल्या, त्या कार्डाप्रमाणे अगदी बरोबर. फक्त तीन नंबर. रिकामी डिश शेट्येचा क्षार घेऊन बसली होती, दहा हजाराव्या भागापर्यंत तोच. डिशमध्ये काही नाही. उजेडात धरली, बोट फिरवलं — काही नाही हो!

तुम्ही विचाराल, कुणी दिसलं का, आवाज आला का. काही दिसलं नाही. भर सकाळ, बाहेर जनरेटरची घरघर, कपाळाला फडकं, समोर एक आकडा. एवढंच.

चीफला दाखवलं. आधी माझ्यावरच ओरडला, मग बाह्या सरसावून स्वतः बसला. ३१.६२२८. पारडी बदलून केलं, डिश उजवीकडे, वजनं डावीकडे. तेच. कपाटातून सीलबंद नवी वजनं काढली. तेच. शेवटी तो खुर्चीवरून उठला. त्याच्या टेबलाच्या खणात शेट्येची जुनी वही होती, आणि तो आकडा त्याला पाठ होता हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं.

"टाइप," तो म्हणाला.

आणि पत्रव्यवहार सुरू झाला. काय सांगू तुम्हाला! चीफने दोन पानी पत्र लिहिलं, लंडनच्या डॉक्टरांचं चार पानी उत्तर आलं. डिशच्या छिद्रांत ओलावा शिरला असेल. हवेच्या दाबाचा परिणाम असेल. कोरड्या हवेत वीज साठली असेल... (माझ्या मुलाचं स्टॅटिक, साठ वर्षांपूर्वीच येऊन गेलेलं!) डॉक्टरांनी आपल्या दुसऱ्या दोन मित्रांना लिहिलं, त्यांनी यांना लिहिलं, सगळ्यांच्या कॉप्या आमच्याकडे. इतके सुंदर कागद, इतकं सुंदर इंग्रजी. त्यांनी सुचवलेला प्रत्येक प्रयोग आम्ही केला आणि प्रत्येक प्रयोगाला डिशने तोच आकडा दाखवला.

या सगळ्या शहाण्या माणसांपैकी एकानेही पाण्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. एकदाच, फक्त एकदा, डॉक्टरांनी पत्राच्या शेवटी विचारलं, "गडबड सुरू होण्याआधी या डिशमध्ये कशाचा नमुना होता?" मी टाइपरायटरवर बोटं ठेवून थांबलो. चीफ खिडकीकडे बघत म्हणाला, "लिही. डिस्टिल्ड वॉटर."

लिहिलं मी. तेही लिहिलं.

शेवटी डॉक्टर म्हणाले, डिशच पाठवा. कापसात गुंडाळून रजिस्टर्ड पार्सलने पाठवली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: लंडनला वजन ३१.४०८२, कार्डाप्रमाणे, काहीही दोष नाही. आणि खाली, "तुमच्या हल्लीच्या ऑपरेटरचीही पद्धत तपासून घ्यावी." म्हणजे मी! पार्सल परत आलं, मी सील तोडलं, डिश पुसली, तापवली, थंड केली, पारड्यात ठेवली. ३१.६२२८.

आता कॅम्पकडे या. कॅम्पचे भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, कासमचाचा, दापोलीकडचे. पन्नाशीचे गृहस्थ, पाच वेळचे नमाजी, कधी आवाज न चढवणारे. एका सकाळी लॅबच्या दारात जीप थांबली आणि ते पाण्याचा डबा घेऊन थेट आत आले. माझ्या टेबलावर तो असा आपटला की नळ्या खणखणल्या.

"हे पानी तू पास केलंस?" त्यांनी विचारलं.

"चाचा, आधी बसा तरी..."

"बसायला नाय आलो. तीन म्हयने झाले. चायमधी डब्याचं दूध टाकलं की फाटतंय. पोरांची पोटां धरत नाहीत. तुज्याच गावचा दाऊद, काल उन्हात कामावर पडला, चार जणांनी उचलून इस्पितळात नेला. डोळे पांढरे झालेवते त्याचे. मुकादम बोलतो, कागद आहे, पानी पास आहे, खलास. कागदावर सही कुनाची, तर इब्राहिमची." त्यांनी डब्यावर हात मारला. "अरे, मी सगळ्यांना बोललो, इब्राहिमची सही हाय म्हंजे पानी चांगलं असनार, पोटात उष्णता झाली असेल. तुज्या सहीवर मी त्यांना ते पाजलं!"

चीफ त्या दिवशी शारजाला गेला होता. डब्यातलं पाणी मोजून घेतलं, शेट्येने घेतलं होतं तेवढंच, आणि मुद्दाम तीन नंबरच्या डिशमध्ये घातलं. चाचा स्टुलावर बसून बघत होते. पाणी आटलं, तळाला पांढरा जाड थर राहिला, चाचांनाही लांबून दिसत होता. थंड केली, एसी बंद केला, पारड्यात ठेवली.

३१.६२२८.

नीट लक्ष द्या, इथेच खरी गोम आहे. डिश रिकामी असताना जेवढी होती, तेवढीच आता क्षारासकट भरली. त्याच सकाळी रिकाम्या डिशचं वजन मी स्वतः केलं होतं. नियमाप्रमाणे वजाबाकी करायची तर फरक शून्य. शून्य! माझ्या हातातल्या खऱ्याखुऱ्या आकड्यांप्रमाणे त्या पाण्यात काहीच नव्हतं. मी ते शून्य वहीत लिहिलं असतं तर जगातल्या कुठल्याही केमिस्टला त्यात खोट काढता आली नसती. आणि डिशच्या तळाला तो पांढरा थर होता, आणि समोर कासमचाचा बसले होते.

"काय निगालं?" त्यांनी विचारलं.

मी शेट्येचं कार्ड काढलं. त्याच्या अक्षरातला ३१.४०८२ हाच आकडा रिकाम्या डिशचा धरला आणि वहीत लिहिलं: ०.२१४६, पिण्यास अयोग्य. मग मागची पानं उलटून फेअर कॉपीवरची माझी 'चेक्ड बाय'ची सही शोधली. आमच्याकडे खोडायचीही रीत होती — रबर नाही, गिरगटायचं नाही, एकच आडवी रेघ मारायची म्हणजे खालचं वाचता येतं, आणि शेजारी आद्याक्षरं टाकायची. मी रेघ मारली. शेजारी लिहिलं, "न बघता सही केली. मूळ आकडा शेट्ये यांचा, तोच बरोबर." आणि लंडनला तेच सगळं, दाऊदसकट, टाइप करून त्याच दुपारी टपालात टाकलं, कुणाला न विचारता.

टपाल टाकून आलो, डिश धुतली, तापवली, थंड केली, वजन केलं.

३१.४०८२.

त्यानंतर मी त्या लॅबमध्ये आणखी सहा वर्षं होतो. तीन नंबरची डिश पुन्हा कधी एका दशांशाने चुकली नाही.

आता माझ्या डोक्यात आजही जाळ होतो तो भाग. लंडनहून उत्तर आलं. पूर्ण एक पान डिशबद्दल, "ही गडबड आपोआप थांबली हे फार कुतूहलाचं आहे." दाऊदबद्दल काही नाही. शेट्येबद्दल एक ओळ, "आधीच्या ऑपरेटरच्या निष्काळजीपणाने डिश खराब झाली असण्याची शक्यता आहे." आणि अगदी तळाशी, "बॅलन्सबद्दल पूर्ण खात्री होईपर्यंत विहिरीचा वापर थांबवावा." म्हणजे विहीर बंद झाली ती बॅलन्सवरच्या संशयाने! शे-दीडशे माणसं तीन महिने पोट धरून लोळत होती ते कुणाला ऐकू गेलं नाही. एक डिश जड झाली तर सगळं लंडन जागं झालं. टँकर पुन्हा सुरू झाला, दाऊद पंधरा दिवसांनी इस्पितळातून चालत आला, आणि कासमचाचांनी माझ्याशी बोलणं सोडलं ते कायमचं.

आणि मला काय झालं? काही नाही! चीफ आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, मग बोलायला लागला. नोकरी गेली नाही, बोटीत बसवलं नाही, कुणी साधा जाबही विचारला नाही. ज्या भीतीने मी पहिली सही केली होती, त्यातलं काहीच झालं नाही. पहिल्याच दिवशी "मी बघितलेलं नाही, सही करणार नाही" म्हटलं असतं तरी कदाचित काही झालं नसतं. याचा राग कुणावर काढू, सांगा.

मी शेट्येला राजापूरला सविस्तर पत्र लिहिलं. डिश, पार्सल, शून्य, सगळं. शेवटी लिहिलं, "तुमच्या बाजूने डिशने साक्ष दिली." मला वाटलं, त्याला बरं वाटेल.

दीड महिन्याने उत्तर आलं. दोन्ही बाजूंनी भरलेला कागद, तेच बारीक, सरळ रेषेतलं अक्षर. पहिल्या बाजूला नुसते प्रश्न. डिश किती वेळ थंड केलीस? चिमट्याची टोकं पुसली होतीस का? डेसिकेटरला ग्रीस लावत होतास का? एसी किती आधी बंद करायचास? मी एकेक वाचून मनात उत्तर देत गेलो, सगळं बरोबर केलं होतं. दुसऱ्या बाजूला त्याने स्वतःच सगळ्या शक्यता मांडून एकेक खोडल्या होत्या, एक आडवी रेघ मारून, शेजारी आद्याक्षरं टाकून. खाली लिहिलं होतं, "मला कारण सापडत नाही." त्यालाच सापडलं नाही, तिथे मला काय सापडणार? आजतागायत सापडलेलं नाही. तुमच्यात कुणी केमिस्ट असेल तर जरूर सांगा, पण कृपा करून स्टॅटिक म्हणू नका.

पत्राच्या तळाला, सहीच्या वर, आणखी दोन ओळी होत्या. त्या मी मुलालाही कधी वाचून दाखवल्या नाहीत.

"डिशने साक्ष दिली हे वाचून बरं वाटलं. पण इब्राहिम, त्या खोलीत तोंड असलेला तू एकटाच होतास."

त्या पत्राला मी उत्तर लिहिलं नाही.